विश्लेषण : गिटहब ‘सिंक’ यंत्रणेला जोडताना किल्ली कोणाच्या हाती?

सॉफ्टवेअर कंपन्यांचा कोड गिटहबसारख्या सेवेवर असतो. त्या कामाचा हिशेब मांडायचा तर तिथल्या नोंदी दुसऱ्या यंत्रणेत न्याव्या लागतात. ही जोडणी आता काही मिनिटांत होते. मात्र त्यासाठी दिले जाणारे ‘टोकन’ बरेचदा गरजेपेक्षा कितीतरी मोठे दार उघडते. २०२२ मध्ये अशीच टोकन चोरीला गेली आणि अनेक संस्थांचा खासगी कोड परस्पर उतरवून घेण्यात आला. ही जोडणी चालते कशी, तिच्यातून मिळणारे आकडे कुठे फसवतात आणि टोकन देताना काय पाहावे, याविषयी...

गिटहबवर नेमके काय साठवले जाते?

लिनक्स या संगणक प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ हे साधन तयार केले. कोडमध्ये कोणी, कधी, कोणता बदल केला याची नोंद ठेवणे हे त्याचे काम. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबने ही नोंदवही इंटरनेटवर आणली. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतली. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबवरील वापरकर्त्यांची संख्या १० कोटींवर गेली. गिटहबच्या वार्षिक अहवालांनुसार यात अमेरिकेनंतर भारताचा क्रमांक लागतो. पुण्या-मुंबईतील कंपन्यांत नोकरीसाठी अर्ज करणारे अनेक तरुण आपल्या अर्जात गिटहबचा दुवा देतात, तो याच कारणाने.

गिटहबवर एका प्रकल्पाच्या कप्प्याला ‘रिपॉझिटरी’ किंवा बोलीत ‘रेपो’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी त्याचा संबंध नाही. या कप्प्यात कोडच्या फायली असतातच. शिवाय प्रत्येक बदलाची नोंद म्हणजे ‘कमिट’, चूक किंवा मागणी नोंदवणारा ‘इश्यू’, केलेला बदल मूळ कोडमध्ये घ्यावा अशी विनंती करणारी ‘पुल रिक्वेस्ट’, त्यावर सहकाऱ्यांनी केलेले परीक्षण आणि झालेली चर्चा असे बरेच काही असते. थोडक्यात, कोडबरोबरच तो कसा घडला याची दैनंदिनीही तिथे असते.

मग या नोंदी बाहेर का न्यायच्या?

गिटहबच्या पडद्यावर एका प्रकल्पाचे चित्र चांगले दिसते. पण एखाद्या कंपनीकडे २०० रिपॉझिटरी असतील आणि ‘चूक कळल्यापासून दुरुस्त होईपर्यंत सरासरी किती दिवस लागतात’, असा प्रश्न विचारला, तर प्रत्येक रिपॉझिटरी उघडून उत्तर काढणे शक्य नसते. शिवाय गिटहबवर केवळ कामाची एक बाजू असते. ग्राहकांच्या तक्रारी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, विक्रीचे आकडे तिसऱ्यात. एखाद्या तक्रारीमुळे कोणता बदल झाला आणि त्यानंतर तक्रारी थांबल्या का, हे पाहायचे तर तिन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतात. त्यासाठी त्या एका ‘डेटा वेअरहाउस’मध्ये, म्हणजे माहितीच्या सामायिक कोठारात आणल्या जातात. गूगलचे बिगक्वेरी, स्नोफ्लेक ही अशी कोठारे आहेत.

दुसरे कारण जुन्या नोंदींचे. गिटहब सगळेच कायम जपून ठेवत नाही. एखाद्या रिपॉझिटरीला किती जणांनी भेट दिली, किती जणांनी तिची प्रत उतरवली, ही आकडेवारी केवळ मागील १४ दिवसांचीच दिसते. आपोआप चालणाऱ्या चाचण्यांच्या तपशीलवार नोंदीही मुदत बदलली नसेल तर ९० दिवसांनी पुसल्या जातात. मुक्त स्रोत प्रकल्प चालवणाऱ्याला वर्षभराचा कल पाहायचा असेल, तर या नोंदी मुदत संपण्यापूर्वी बाहेर आणून ठेवण्यावाचून पर्याय नाही.

डेटा सिंक यंत्रणा म्हणजे काय?

पूर्वी हे काम कंपनीतील एखादा अभियंता स्वतः प्रोग्राम लिहून करत असे. गिटहबने आपल्या नियमांत बदल केला की तो प्रोग्राम बंद पडे आणि लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असला, तर तो दुरुस्त कोणी करायचा हा प्रश्न उभा राही. डेटा सिंक यंत्रणा हे काम विकत किंवा मोफत करून देतात. अमेरिकेतील फाइव्हट्रान ही २०१२ मधील आणि एअरबाइट ही २०२० मधील कंपनी या क्षेत्रात परिचित आहे. एअरबाइटचा कोड खुला असून तो स्वतःच्या संगणकावरही चालवता येतो. गिटलॅब या गिटहबच्या स्पर्धक कंपनीतच ‘मेल्टानो’ हे असे साधन जन्माला आले आणि पुढे ती स्वतंत्र कंपनी झाली.

या यंत्रणांकडे शेकडो सेवांसाठी तयार ‘कनेक्टर’ असतात. नळजोडणीत वेगवेगळ्या मापाचे पाइप जोडायला मधला तुकडा लागतो, तसे कनेक्टरचे काम असते. एका टोकाला गिटहब, दुसऱ्या टोकाला कोठार. गिटहबकडून आलेली माहिती तो सारख्या रकान्यांच्या तक्त्यांत बसवतो आणि ठरलेल्या वेळी पुढे पाठवतो. येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही वाहतूक सहसा एकाच दिशेची असते. कोठारातील प्रतीत काही बदलले, तरी गिटहबवरील मूळ नोंद बदलत नाही.

प्रत्यक्ष जोडणी कशी होते?

सिंक यंत्रणेच्या पडद्यावर ‘स्रोत’ म्हणून गिटहब निवडायचे. मग ओळख पटवण्यासाठी दोन वाटा असतात. पहिली, ‘गिटहबने लॉगिन करा’ हे बटण. मोबाइलवर एखाद्या ॲपमध्ये गूगल खात्याने लॉगिन करताना परवानगीचा पडदा येतो, तसाच पडदा येथेही येतो. या पद्धतीला ‘ओऑथ’ म्हणतात. दुसरी वाट म्हणजे गिटहबच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः टोकन तयार करायचे आणि ती अक्षरांची लांब ओळ सिंक यंत्रणेत चिकटवायची.

त्यानंतर कोणत्या रिपॉझिटरी, कोणत्या तारखेपासूनच्या नोंदी, कोणते तक्ते, कोणते कोठार आणि दर किती वेळाने, एवढे सांगितले की काम सुरू होते. यात सर्वाधिक घाई होते ती परवानगीच्या पडद्यावर. मोबाइलवर ‘अलाऊ’ दाबावे तसे येथेही न वाचता बटण दाबले जाते. कंपनीच्या खात्यात मात्र प्रशासकाने बंधन घातले असेल, तर कर्मचाऱ्याने होकार देऊनही बाहेरच्या ॲपला कंपनीच्या खासगी रिपॉझिटरी दिसत नाहीत. प्रशासकाची मंजुरी लागते. ही सोय चालू आहे का, हे अनेकांनी तपासलेले नसते.

पहिल्यांदा इतका वेळ का लागतो?

गिटहब बाहेरच्या यंत्रणेला माहिती देते ती ‘एपीआय’ नावाच्या खिडकीतून. या खिडकीवर रेशनिंग आहे. ओळख न सांगता आलेल्याला तासाला ६० विनंत्या, तर टोकन दाखवणाऱ्या वापरकर्त्याला सर्वसाधारणपणे ताशी ५,००० विनंत्या करता येतात. एका विनंतीत यादीतील जास्तीत जास्त १०० नोंदी मिळतात. समजा, प्रकल्पात २०,००० पुल रिक्वेस्ट आहेत. त्यांची यादी २०० विनंत्यांत हाती येते. पण प्रत्येक पुल रिक्वेस्टवरचे परीक्षण स्वतंत्रपणे मागवायचे झाले, तर आणखी २०,००० विनंत्या लागतात. ताशी पाच हजारांच्या हिशेबाने केवळ त्यालाच किमान चार तास जातात. एकाच व्यक्तीच्या नावाने चार टोकन काढूनही फायदा नाही, कारण ही मर्यादा टोकनमागे नसून वापरकर्त्यामागे मोजली जाते.

पहिली भरणी झाल्यावर मात्र काम हलके होते. बँकेत पासबुक भरून घेताना यंत्र पहिल्या पानापासून छापत नाही. मागच्या वेळी जिथे थांबले त्यापुढच्याच नोंदी छापते. सिंक यंत्रणाही शेवटच्या नोंदीची वेळ लक्षात ठेवते आणि त्यानंतर बदललेले तेवढेच मागवते. तिसरा मार्ग ‘वेबहुक’चा. यात विचारायला जावे लागत नाही. काही घडले की गिटहब स्वतःच कळवते. मात्र समोरच्या यंत्रणेने १० सेकंदांत पोच दिली नाही, तर तो निरोप फसला असे धरले जाते आणि गिटहब तो आपणहून पुन्हा पाठवत नाही. म्हणून केवळ वेबहुकवर विसंबणे धोक्याचे ठरते.

मिळालेले आकडे कुठे फसवतात?

जोडणी यशस्वी झाली म्हणजे आकडे बरोबर आले, असे नाही. पहिली गफलत मोजणीतील. गिटहबच्या रचनेत प्रत्येक पुल रिक्वेस्ट ही एक इश्यूसुद्धा असते. त्यामुळे इश्यूंचा तक्ता सरळ मोजला, तर त्यात पुल रिक्वेस्टही धरल्या जातात आणि ‘चुका वाढल्या’ असा निष्कर्ष निघतो. त्या वेगळ्या काढूनच मोजणी करावी लागते.

दुसरी गफलत पुसलेल्या नोंदींची. पासबुक पद्धतीत ‘नवे काय’ एवढेच विचारले जाते; ‘काय गेले’ हे विचारले जात नाही. गिटहबवर एखादी प्रतिक्रिया पुसली, तरी कोठारातील तिची प्रत बरेचदा तशीच राहते. ती प्रतिक्रिया चुकून लिहिलेल्या पासवर्डची असेल, तर मामला केवळ मोजणीपुरता उरत नाही. यावर उपाय म्हणजे अधूनमधून संपूर्ण तक्ता नव्याने भरून घेणे.

तिसरी गफलत कमिटची. वेगळे काही सांगितले नाही, तर गिटहब मुख्य शाखेवरील कमिटच देते. इतर शाखांवर चाललेले काम त्यात दिसत नाही. अनेक संघ २० छोटे कमिट एकत्र दाबून एकच मोठा कमिट करतात. तिथे २० दिवसांचे काम एका ओळीत मावते. उलट डिपेंडाबॉटसारखे स्वयंचलित साधन रात्रीत ढीगभर पुल रिक्वेस्ट तयार करू शकते. तेव्हा ‘कमिट किती’ यावरून कोण जास्त काम करतो हे ठरवणे म्हणजे वहीची पाने मोजून विद्यार्थ्याला गुण देण्यासारखे आहे.

टोकनमध्ये धोका कोणता?

टोकन ही किल्ली आहे. गिटहबने एपीआयसाठी पासवर्ड स्वीकारणे नोव्हेंबर २०२० मध्ये आणि गिटच्या कामांसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये बंद केले. तेव्हापासून टोकनचे महत्त्व आणखी वाढले. ज्याच्या हाती टोकन, त्याला ते काढून देणाऱ्याच्या नावाने दार उघडते. टोकन घेऊन आलेल्या प्रोग्रामला मोबाइलवरचा ओटीपी विचारला जात नाही.

अडचण किल्लीच्या आकाराची आहे. गिटहबच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे ‘क्लासिक’ टोकनमध्ये खासगी रिपॉझिटरीतील नोंदी वाचायच्या असतील, तर ‘रेपो’ नावाची परवानगी द्यावी लागते. ती केवळ वाचण्याची नसते. तिच्यात लिहिण्याचाही अधिकार येतो आणि तो त्या व्यक्तीला दिसणाऱ्या सर्व खासगी रिपॉझिटरींना लागू होतो. हिशेबासाठी इश्यूंची यादी हवी होती. हाती गेली ती कोड वाचण्याची आणि बदलण्याची किल्ली. पाणी भरायला येणाऱ्याला नळाऐवजी साऱ्या घराची किल्ली द्यावी, तसा हा प्रकार.

सिंक यंत्रणा साधारणपणे फायलींतील कोड नेत नाहीत. त्या नोंदीच नेतात. पण यंत्रणा काय नेते आणि तिच्याकडील टोकन काय नेऊ शकते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोराला दुसरी पुरते.

२०२२ मध्ये काय घडले?

१२ एप्रिल २०२२ रोजी गिटहबच्या सुरक्षा विभागाला एनपीएम या आपल्याच उपकंपनीच्या यंत्रणेत अनधिकृत शिरकाव आढळला. जावास्क्रिप्ट भाषेतील तयार कोड जगभरातील प्रोग्रामर एनपीएमवरून घेतात. माग काढल्यावर हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय या दोन बाहेरच्या सेवांना दिलेली ओऑथ टोकन चोरीला गेल्याचे दिसले. १५ एप्रिलला गिटहबने ही बाब जाहीर केली. या टोकनच्या आधारे डझनावारी संस्थांच्या खासगी रिपॉझिटरी उतरवून घेण्यात आल्या होत्या.

गिटहबचे स्वतःचे कुलूप येथे तुटले नव्हते. हेरोकूने नंतर सांगितल्यानुसार, ७ एप्रिलला हल्लेखोर त्यांच्या डेटाबेसमध्ये शिरला आणि ग्राहकांनी गिटहब जोडण्यासाठी दिलेली टोकन घेऊन गेला. चोराने सरळ पुढच्या दाराने, खरी किल्ली वापरून प्रवेश केला. आधी त्या खात्यांना कोणत्या संस्था दिसतात हे पाहिले, त्यांतून निवड केली आणि मग खासगी रिपॉझिटरी उतरवल्या. त्यात इतर यंत्रणांच्या किल्ल्या सापडतात का, हे शोधणे हा पुढचा टप्पा असतो. एनपीएमच्या बाबतीत ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली अशाच रीतीने मिळाली असावी, असा गिटहबचा निष्कर्ष होता. त्यातून २०१५ मधील जुन्या प्रतीतील सुमारे एक लाख वापरकर्त्यांची नावे, ईमेल पत्ते आणि पासवर्डचे सांकेतिक रूप बाहेर गेले. हेरोकूला गिटहबची जोडणी अनेक आठवडे बंद ठेवावी लागली.

त्यानंतर धडा घेतला गेला का?

काही अंशी. पण २०२५ मध्ये तशीच साखळी पुन्हा दिसली. या वेळी सुरुवात गिटहबपासून झाली. सेल्सलॉफ्ट या कंपनीच्या गिटहब खात्यात मार्च ते जून २०२५ दरम्यान हल्लेखोराचा वावर होता, असे तपासात निष्पन्न झाले. तिथून तो कंपनीच्या ‘ड्रिफ्ट’ या गप्पा-साधनाच्या क्लाउडपर्यंत पोहोचला आणि ग्राहकांची ओऑथ टोकन त्याच्या हाती लागली. ऑगस्टमध्ये दहा-अकरा दिवसांत त्या टोकनच्या आधारे अनेक कंपन्यांच्या सेल्सफोर्स खात्यांतील माहिती उपसण्यात आली. ७०० हून अधिक संस्थांना याची झळ बसली असण्याची शक्यता गूगलच्या तज्ज्ञांनी वर्तवली. क्लाउडफ्लेअर, झीस्केलर, पालो अल्टो नेटवर्क्स या सुरक्षा क्षेत्रातील कंपन्यांनीही आपली माहिती गेल्याचे मान्य केले.

दोन्ही घटनांत डेटा सिंक यंत्रणा नव्हती. मात्र रचना तीच होती. अनेकांच्या किल्ल्या एका ठिकाणी टांगलेल्या आणि त्या जागेची राखण करणारा तिसराच. सिंक यंत्रणेकडेही गिटहब, बँक खाते, ग्राहकांची यादी अशा अनेक ठिकाणांच्या किल्ल्या एकत्र असतात. त्या सहसा सांकेतिक रूपात जपल्या जातात. पण यंत्रणेला रोज त्या वापरायच्या असतात, त्यामुळे मूळ रूपात आणण्याची सोयही तिच्याकडेच ठेवावी लागते.

मग टोकन कसे द्यावे?

पहिले, नव्या पद्धतीचे टोकन वापरावे. गिटहबने ऑक्टोबर २०२२ मध्ये चाचणी स्वरूपात आणि मार्च २०२५ पासून सर्वांसाठी ‘फाइन-ग्रेन्ड’ टोकन आणले. त्यात ठरावीक रिपॉझिटरी निवडता येतात, इश्यू, पुल रिक्वेस्ट अशा प्रत्येक प्रकाराला ‘केवळ वाचन’ अशी वेगळी परवानगी देता येते आणि मुदतही घालता येते. हिशेबासाठी कोडच्या मजकुराची परवानगी लागतेच असे नाही. कमिट हवे असतील तर मात्र ती वाचनापुरती द्यावी लागते.

दुसरे, यंत्रणा ‘गिटहब ॲप’ पद्धतीने जोडता येत असेल, तर ती अधिक बरी. त्यात वापरले जाणारे टोकन एका तासात बाद होते आणि गरज पडेल तेव्हा नवे काढले जाते. मात्र नवे टोकन काढण्याची ॲपची मूळ किल्ली जपावीच लागते.

तिसरे, टोकन एखाद्या कर्मचाऱ्याच्या रोजच्या खात्यातून काढू नये. तो नोकरी सोडतो, कंपनी त्याचे खाते काढून टाकते आणि दुसऱ्या दिवशी सिंक बंद पडते. शिवाय ज्येष्ठ अभियंत्याला सगळेच दिसत असल्याने त्याचे क्लासिक टोकनही सगळेच उघडते. या कामापुरते वेगळे खाते करून त्याला हव्या तेवढ्याच रिपॉझिटरी दाखवाव्यात.

चौथे, मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवावी. सिंक थांबली की घाईघाईत मुदत नसलेले, सर्व परवानग्यांचे टोकन देण्याचा मोह होतो. व्यवस्थित केलेली जोडणी नेमकी येथेच बिघडते. टोकन ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवू नये, हे वेगळे सांगायला नको.

कर्मचाऱ्यांच्या माहितीचे काय?

प्रत्येक कमिटमध्ये करणाऱ्याचे नाव, ईमेल पत्ता आणि वेळ असते. कोण रात्री अकराला काम करत होता, कोण आठवडाभर दिसला नाही, हे कोठारातील तक्त्यावरून सहज काढता येते. चर्चेच्या मजकुरात ग्राहकांची नावे किंवा क्रमांकही असू शकतात. म्हणजे गिटहबची ही प्रत वैयक्तिक माहितीचीही प्रत ठरते. गिटहबवर खासगी रिपॉझिटरी मोजक्यांनाच दिसते. कोठारातील तक्ता मात्र विक्री विभागापासून लेखा विभागापर्यंत कोणालाही दिसू शकतो.

भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. माहितीवर प्रक्रिया करण्याचे काम दुसऱ्या कंपनीला दिले, तरी कायद्याने जबाबदारी मूळ संस्थेवरच राहते. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे कोणते तक्ते खरोखर लागतात, ईमेलचा रकाना वगळता येईल का आणि कोठारात तो कोणाला दिसतो, हे जोडणीपूर्वीच ठरवणे शहाणपणाचे. बहुतेक सिंक यंत्रणांत नको ते तक्ते वगळण्याची सोय असते. ज्यांचे ईमेल उघड होऊ नयेत असे वाटते, त्यांना गिटहब पर्यायी ‘नो-रिप्लाय’ पत्ता देते. मात्र तो पुढच्या कमिटना लागू होतो, जुन्या कमिटमधील पत्ता तसाच राहतो.

टोकन फुटल्याचा संशय आल्यास?

प्रथम टोकन रद्द करावे. चौकशी नंतर. रद्द केल्याने सिंक थांबते, पण गिटहबवरील मूळ नोंदी जागेवर असतात आणि नवे टोकन दिल्यावर राहिलेल्या नोंदी सहसा पुन्हा भरून निघतात. त्यानंतर संस्थेच्या गिटहब खात्यातील ‘ऑडिट लॉग’ पाहावा. कोणत्या खात्याने काय केले, याचा माग तिथे लागतो. ज्या रिपॉझिटरी त्या टोकनला दिसत होत्या, त्यांच्या कोडमध्ये इतर यंत्रणांचे पासवर्ड किंवा किल्ल्या लिहिलेल्या असतील, तर त्याही बदलाव्यात. एनपीएमच्या प्रकरणात नुकसान वाढले ते याच वाटेने.

गिटहबचे टोकन चुकून सार्वजनिक रिपॉझिटरीत चढले, तर गिटहब ते ओळखून आपणहून रद्द करते. वर्षभर न वापरलेली टोकनही काढून टाकली जातात. पण सिंक यंत्रणेकडे दिलेले टोकन दर तासाला वापरले जाते. त्यामुळे ते या चाळणीत कधीच अडकत नाही. ते कोणी, कशासाठी दिले होते, हे विसरले गेले तरी ते चालूच राहते. गिटहबच्या सेटिंगमध्ये परवानगी दिलेल्या सर्व ॲपची यादी दिसते, तिथे ‘रिव्होक’ हे बटणही असते. स्वतः काढून दिलेल्या टोकनची यादी मात्र त्याच सेटिंगमध्ये वेगळ्या पानावर असते. तीन-चार महिन्यांतून एकदा या दोन्ही याद्या वाचणे आणि ओळख न पटणारी नावे काढणे, एवढे काम यंत्रणा करत नाही. ते खातेदारालाच करावे लागते.